आगमनकाळातलं स्मरण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपली की ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नाताळची बोलणी सुरू होतात. रंग कोण देणार, चांदण्या कुठे टांगायच्या, कॅरल घेऊन कोणत्या वस्तीवर कधी जायचं. या सदराकडे आलेल्या पत्रांत मात्र वेगळीच विचारणा पुन्हा पुन्हा दिसली: आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, आपल्या मंडळीतल्या आधीच्या माणसांची आणि त्यांच्या रीतींची आठवण नीट कशी करायची? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नोंदवह्यांचा आणि जुन्या चालींचा विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही, म्हणून तिथे उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न (मंडळीचे सेक्रेटरी, नगर जिल्हा): आमच्याकडे मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, कबरस्तानात फुलं-मेणबत्त्या होतात. मग आगमनकाळात पुन्हा स्मरण कशाला, असं काही पंच म्हणतात. करायचंच तर कोणत्या रविवारी?

उत्तर: २ नोव्हेंबरला कबरस्तानात उभं राहून एकदा नजर फिरवा. जो तो आपल्या माणसाच्या कबरीपाशी असतो. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, ज्यांची मुलं मुंबई-पुण्याला गेली ती परतली नाहीत, त्यांच्या कबरींवर त्या दिवशीही गवतच असतं. तो घराघराचा दिवस आहे आणि तो तसाच असू द्या. मंडळी म्हणून सगळ्यांची आठवण करायला वेगळा दिवस लागतो, आणि आगमनकाळ त्याला शोभतो. प्रभूच्या येण्याची वाट आपण पाहतो, तशी ती आपल्या आधीच्यांनीही याच बाकांवर बसून पाहिली.

आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ साली चार रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर असे आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांनी त्या वर्षी पहिलाच रविवार धरावा. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन ही संस्था स्थापन झाली, तो दिवसही आगमनकाळाचा पहिला रविवारच होता. तारीख आणि वार दोन्ही जुळून येत आहेत. दुसरा रविवार घ्यायचा विचार असेल तर ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन आहे हे ध्यानात ठेवा. नगर-मराठवाड्यातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचे नातेवाईक त्या दिवशी चैत्यभूमीला निघालेले असतात, गाड्या भरलेल्या असतात. चौथा रविवार नको. तेव्हा मुलांच्या नाटकाची तालीम, फराळ आणि रंगरंगोटी यांत स्मरणाला कुणी उरत नाही.

जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळ्या आगमनकाळाच्या आदल्या रविवारी वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचतात. प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये तो दिवस नेमून दिला. ज्यांना आगमनकाळाचे चारही रविवार मोकळे ठेवायचे आहेत त्यांना हाही मार्ग आहे.

प्रश्न (धर्मग्रामातील कार्यकर्ती, वसई): आमच्या कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळाच्या रविवारी मृतांसाठी खास मिस्सा (उपासनाविधी) ठेवता येईल का?

उत्तर: नाही. आगमनकाळाच्या रविवारी अंत्यविधीचा मिस्साही होत नाही, मग स्मरणाचा कसा होईल? आगमनकाळातल्या रविवारच्या मिस्साला त्या-त्या दिवसाच्याच प्रार्थना आणि वाचनं असतात, पण मिस्साचा हेतू मृतांसाठी ठेवता येतो आणि विश्वासूंच्या प्रार्थनेत त्यांचं स्मरण करता येतं. लांबलचक यादी वाचायची असेल तर मिस्सानंतर किंवा संध्याकाळी वेगळी प्रार्थनासभा घ्या. १७ डिसेंबरपासूनचे दिवस थेट नाताळच्या तयारीचे असतात. त्यांच्या आत, म्हणजे १६ पर्यंत हे उरका. या काळात वेदीवर फुलंही बेतानेच ठेवायची असतात, त्यामुळे स्मरणासाठी आलेले हार वेदीपाशी न ठेवता दाराजवळच्या टेबलावर ठेवावेत. सगळं ठरवण्याआधी प्रमुख धर्मगुरूंशी बोला. नोव्हेंबरचा अख्खा महिना मृतांसाठीच असतो, हेही ते तुम्हाला सुचवतील.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, मंडळीचे पंच): नावांची यादी कुठून करायची? चर्चची जुनी रजिस्टरं आहेत, पण पानं हाताला लागताच तुटतात.

उत्तर: पहिलं काम म्हणजे त्या पानांना हात लावणाऱ्यांची संख्या कमी करा. दोघंच जण. एकाने पान उलटायचं, दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढायचा. खिडकीजवळ टेबल ठेवा, ऊन थेट पानावर येऊ देऊ नका, फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल पानाच्या बरोबर वर आडवा धरा. रजिस्टर पूर्ण उघडून दाबू नका, शिवण फाटते. दोन्ही बाजूंना घडी घातलेले टॉवेल ठेवून त्यावर ते अर्धवट उघडं टेकवा. हात धुऊन कोरडे करा, थुंकी लावून पान उलटू नका, टेबलावर पेन नको, फक्त पेन्सिल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा मोह हमखास होतो. तो काही वर्षांत पिवळा पडतो, त्याचा डिंक शाईत उतरतो आणि काढायला गेलं की अक्षरं सोबत येतात. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत फिरवता येत नाही. सुटी पानं साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा.

मग यादी. दफनाच्या रजिस्टरात साधारणपणे मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. दोन तारखांची गल्लत ही सर्वांत जास्त होणारी चूक. कबरीच्या दगडावर एक तारीख आणि यादीत दुसरी दिसली की घरचे लोक दुखावतात. म्हणून मृत्यूची तारीख एका रकान्यात, दफनाची दुसऱ्यात, आणि जिथे एकच आहे तिथे ती कोणती ते लिहा. मृत्यूचं कारण यादीत उतरवून घ्या, पण वाचू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

नावांच्या बाबतीत तीन ठिकाणी अडेल. एक, इंग्रजी नोंदींत एकच आडनाव चार प्रकारे लिहिलेलं असतं. स्पेलिंग पाहून निराळी माणसं धरू नका, वय आणि गाव ताडून पाहा. दोन, बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललेलं असतं, पण गाव त्या माणसाला जुन्याच नावाने ओळखत असे. दोन्ही नावं लिहा. तीन, बायकांची नोंद. ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहिलेलं दिसेल. तिथे थांबायचं नाही. तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी उघडा, आईच्या रकान्यात नाव सापडण्याची शक्यता बरीच असते. तिथेही नसेल तर लग्नाचं रजिस्टर. एका बाईचं नाव हाती लागायला संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागली असं समजा.

पानं चाळताना काही वर्षांवर नोंदी एकदम दाटलेल्या दिसतील. १८९६ पासूनची प्लेगची वर्षं, १८९९-१९०० चा छपन्नचा (संवत १९५६ चा) दुष्काळ आणि १९१८ च्या ऑक्टोबरच्या आसपासचा इन्फ्लुएंझा. दुष्काळात मिशनच्या आश्रमांत आलेल्या मुलांच्या नोंदींत आईबापांचे रकाने रिकामे असतात. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या मुलींत गुजरातेतून आलेल्याही होत्या, म्हणजे नोंदीतलं नाव ही त्यांची दुसऱ्या भाषेतली दुसरी ओळख. अशी नावं वाचताना ‘अनाथ’ हा शब्द लावू नका. नुसतं नाव आणि साल पुरे.

प्रश्न (मेलबर्नहून एक वाचक): पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, एवढंच घरात ठाऊक आहे. गावातल्या चर्चकडे त्या काळचं रजिस्टर नाही. शोध कुठे घ्यावा?

उत्तर: गाव आणि तालुका नक्की असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ‘गाव नमुना नंबर १४’, म्हणजे कोतवाल बुकासाठी अर्ज करा. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात. लोक ते जातीच्या दाखल्यासाठी काढतात, पण तुमच्याही उपयोगाचं आहे. त्यात पणजोबांची नोंद बाप्तिस्म्याआधीच्या नावाने आणि जुन्या जातीखाली असू शकते, तेव्हा ख्रिस्ती नाव दिसलं नाही म्हणून पुस्तक मिटू नका. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर मोडी वाचणारा गाठावा लागेल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्याची चौकशी करता येते. शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा चांगला आधार.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला सुरू झालं. त्याच्या मूळ संस्थेची कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मास्तर, उपदेशक आणि बायबल स्त्रिया (घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या बायका) यांचे उल्लेख अशा मिशनांच्या वार्षिक अहवालांत शोधावेत. अँग्लिकन मंडळी असेल तर मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण त्यांत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नावांचाच भरणा आहे. सुरुवात कोतवाल बुकापासूनच करा.

प्रश्न (स्त्री मंडळाच्या अध्यक्षा, जालना): यादीत कुणाला घ्यायचं यावरून वाद होतो. मंडळी सोडून गेलेले, आत्महत्या केलेले, जन्मताच गेलेली बाळं. काय करावं?

उत्तर: जे आपल्यात होते ते यादीत, हा सरळ नियम ठेवा. पुढे दुसऱ्या पंथात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं तर त्याच्या घरच्यांना आधी विचारा, कारण तिथे त्यांच्याही भावना आहेत. आत्महत्येबद्दल जुनी कठोर रीत अजून काहींच्या डोक्यात आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारलं जात असे. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशांसाठी चर्च प्रार्थना करतं असं स्पष्ट म्हटलं आहे. नाव इतरांसारखंच, इतरांच्याच ओळीत वाचा. आवाज बदलू नका.

बाळांचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ बहुधा कुठल्याच रजिस्टरात नसतं. उपासनेत जाहीर विचारणा करू नका. स्त्री मंडळाच्या दोन वडीलधाऱ्या बायकांनी घरी जाऊन, एकट्या आईशी बोलावं. काही आयांनी मनात नाव ठेवलेलं असतं आणि चाळीस वर्षांत कुणी ते विचारलेलं नसतं. तिने सांगितलं तर ते लिहा. नाव सांगायचं नसेल तर ‘तमक्या घरचं बाळ’ असं तिला चालेल का ते विचारा. तिची ना असेल तर विषय तिथेच ठेवा.

प्रश्न (तरुण संघ, पुणे): आमचे काही सभासद म्हणतात, मृतांसाठी प्रार्थना करणं आपल्या शिकवणीत बसत नाही. मग नावं वाचणंही चूक ठरेल का?

उत्तर: आक्षेप मनापासूनचा असतो, त्याला टाळू नका. कॅथलिक मंडळी मृतांच्या आत्म्यांसाठी विनंती करतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मृतांबद्दल देवाचे आभार मानतात. एकाच मंडळीत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट घरांतून आलेले लोक असतात तिथे शब्द जपून निवडा: ‘हे प्रभू, या तुझ्या सेवकांच्या जीवनाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो आणि त्यांच्याबरोबर तुझ्या येण्याची वाट पाहतो.’ यात कुणालाच अडचण येऊ नये. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायाची सुरुवात आधी वाचली तर नावं कशासाठी वाचत आहोत ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न (सेक्रेटरी, नगर जिल्हा, पुन्हा): दीडशेच्या वर नावं झाली. वाचायची कशी? प्रत्येकासाठी मेणबत्ती लावावी का?

उत्तर: एका नावाला पाच सेकंद धरा. शंभर नावांना साधारण साडेआठ मिनिटं, दीडशेंना साडेबारा. एवढा वेळ मंडळी शांत बसते. त्याहून जास्त असतील तर पहिल्या तीन रविवारांत वाटा. क्रम सालाप्रमाणे ठेवा, सर्वांत जुनं नाव आधी. देणगीदार, पाळक, डॉक्टर असे गट पाडले की घंटा वाजवणारा आणि अंगण झाडणारी शेवटी जातात आणि तोवर लोक चुळबुळायला लागलेले असतात. पदव्या गाळा. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द प्रत्येक नावाआधी न म्हणता सुरुवातीला एकदाच म्हणा.

दोन वाचक घ्या, एक वडीलधारं आणि एक शाळकरी, आळीपाळीने दहा-दहा नावं. आदल्या दिवशी माइकवर पूर्ण यादी मोठ्याने वाचून घ्या. जुनी नावं आणि आडनावं मुलांना उच्चारता येत नाहीत, ऐनवेळी अडखळलं की पुढच्या बाकावरून कुणीतरी दुरुस्त करतं आणि सगळं विस्कटतं. यादी १६ पॉइंटच्या टाइपात, पानाच्या एकाच बाजूला छापा.

मेणबत्त्यांचं म्हणाल तर दीडशे ज्योती दिसतात सुंदर, पण सांभाळणं कठीण. लावायच्याच तर पितळी किंवा स्टीलच्या पसरट पराती घ्या, त्यांत चार-पाच सेंटिमीटर कोरडी वाळू भरा आणि दोन मेणबत्त्यांत निदान सहा-सात सेंटिमीटर जागा सोडा. जवळ लावल्या की शेजारच्या उष्णतेने वाकतात, एकीचं मेण दुसरीवर पडतं आणि भडका उडतो. पराती कमरेच्या उंचीच्या टेबलावर, भिंतीकडे ठेवा. लोक एकाच बाजूने येतील आणि दुसऱ्या बाजूने जातील असं बघा. पदर आणि ओढणी ज्योतीवरून जाते ती गर्दीत मागे वळताना. पंखे बंद, वाळूची एक आणि पाण्याची एक बादली जवळ, आणि दोघं जण शेवटपर्यंत तिथेच उभे. छपरात लाकूड असेल किंवा कागदी सजावट लागलेली असेल तर एकच मोठी मेणबत्ती लावा. तेही पूर्ण स्मरण आहे.

प्रश्न (संडे स्कूल शिक्षिका): आगमनकाळाच्या कड्यातल्या, म्हणजे पाल्याच्या गोल कड्यावर दर रविवारी एक वाढवत पेटवायच्या, चार मेणबत्त्यांपैकी एक मृतांच्या नावाने लावली तर चालेल?

उत्तर: नको. त्या चार ज्योती येणाऱ्याच्या आहेत. स्मरणाची मेणबत्ती वेगळी ठेवा आणि ती कड्यातल्या ज्योतीवरून पेटवा, म्हणजे दोन्हींचं नातं मुलांनाही कळतं. मुलांना हेही सांगा की कड्याची रीत फार जुनी नाही. हॅम्बर्गला गरीब मुलांचं वसतिगृह चालवणारे योहान हिनरिक विशर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या, नाताळ किती लांब आहे ते मुलांना मोजता यावं म्हणून.

आपल्याकडे ४५ सेंटिमीटरचं बांबूचं किंवा तारेचं कडं पुरतं. सुरूच्या फांद्या लवकर सुकून पेट घेतात, आंब्याची पानं काही दिवसांत गुंडाळतात. मोरपंखी टिकते. तरी दर शनिवारी पाला बदला आणि मेणबत्तीच्या बुडाशी पत्र्याची वाटी ठेवा. पहिली मेणबत्ती चार रविवार जळते आणि चौथी एकदाच, म्हणून सगळ्या सारख्याच जाड घ्या आणि फक्त उपासनेपुरत्या पेटवा. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या लावा आणि खाली जांभळं कापड अंथरा. कॅथलिक आणि अँग्लिकन रीतीत तिसरी गुलाबी असते.

प्रश्न (पेटीवादक, नगर): आमच्या आजोबांच्या पिढीची आगमनाची भजनं पुस्तकात आहेत, पण चाली कुणाला येत नाहीत. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दोन-तीन जणांनाच आठवतात. काय करता येईल?

उत्तर: याच महिन्यात त्यांच्या घरी जा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकांत देशी गीतांच्या वर स्वरलिपी क्वचितच असते. असते ती ‘चाल’, म्हणजे त्या काळी सगळ्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या पदाची पहिली ओळ. ते मूळ पद लोकांच्या तोंडातून गेलं की चालही गेली, आणि पुस्तकात शब्द तेवढे राहतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या पिढीने अभंग, ओवी, साकी, दिंडी असे वृत्तप्रकार उपासनेत रुजवले. वृत्त ओळखलं तर चालीचा सांगाडा हाती लागतो, पण तुमच्या गावची वळणं फक्त तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यात आहेत.

ध्वनिमुद्रण असं करा. सकाळची वेळ घ्या, तेव्हा आवाज ताजा असतो. पंखा, टीव्ही, कुकर बंद. मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. पहिल्या वेळी पेटी अजिबात नको. पेटी लागली की म्हातारं माणूस तिच्या पट्टीत चढायचा प्रयत्न करतं, धाप लागते, आणि हरकती गळून पडतात. आधी त्यांना त्यांच्या पट्टीत गाऊ द्या. तेच कडवं दुसऱ्यांदा म्हणायला सांगा, कारण पहिल्यांदा शब्द आठवण्यात लक्ष गेलेलं असतं. शब्द छापील पुस्तकापेक्षा वेगळे आले तर मध्येच दुरुस्त करू नका, तो पाठभेद आहे आणि तो जपायचा आहे.

मग तुम्ही पेटीवर स्वर शोधा आणि पट्टी लिहा, काळी एक की पांढरी चार. टाळ्या वाजवायला सांगून ठेका ओळखा: सहा मात्रांचा दादरा, आठांचा केरवा किंवा धुमाळी, चौदांची दीपचंदी. ध्वनिफितीच्या शेवटी तुमच्याच आवाजात गीताची पहिली ओळ, गाणाऱ्याचं नाव, गाव, कुणाकडून शिकले आणि कोणत्या प्रसंगी म्हणत ते सांगा. फायलीचं नाव बदलतं, हरवतं. आतला आवाज राहतो.

शिकवताना की-बोर्डवर तयार ताल लावून बसवू नका. त्यावर मींड येत नाही, दोन स्वरांमधली सरक तुटते आणि चाल सपाट होते. दोन मुलं आणि दोन मुली निवडून त्यांना त्या वडीलधाऱ्यांसमोर बसवा, ओळीमागून ओळ घ्या. चार रविवारांत एकच भजन नीट बसलं तरी पुष्कळ. ते म्हणण्याआधी ‘ही चाल अमक्या आजींकडून आली’ असं सांगा, त्या समोर बसलेल्या असताना.

पहाटेच्या भजनफेरीची रीत तुमच्याकडे होती असं पत्रात पुढे म्हटलं आहे. ती पुन्हा सुरू करायची तर जुना मार्ग आधी लिहून घ्या: कोणत्या दारापासून निघायची, कुठे थांबायची, चहा कुणाकडे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. टाळ, ढोलकी आणि गळा घेऊन निघायचं, जुनी फेरी तशीच निघत होती.

प्रश्न (कबरस्तान समिती, सोलापूर): आगमनकाळाआधी जुन्या कबरी साफ करून अक्षरं रंगवायची आहेत. कोणता रंग टिकेल?

उत्तर: अक्षरं रंगवू नका. ऑइलपेंट दगडाची छिद्रं बुजवतो, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि पापुद्रा निघतो तो अक्षरासकट. काळ्या दगडाला तरी थोडं सोसतं. संगमरवर आणि शहाबादी फरशी या चुन्याच्या जातीच्या दगडांवर फरशी साफ करायचं अ‍ॅसिड पडलं की वरचा थर विरघळतो आणि नाव कायमचं जातं. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, खालून वर घासत जायचं. तारेचा ब्रश नको.

अक्षरं वाचण्यासाठी रंगाची गरज नसते, तिरप्या उजेडाची असते. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर जा. ऊन समोरून पडत असेल तर एकाने आरसा धरून ते बाजूने दगडावर पाडावं. झिजलेलं नावही उठून दिसतं. फोटो घ्या आणि मजकूर ओळीवार जसाच्या तसा उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट.

पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात घोणस आणि फुरसं असतं. बूट घाला, आधी लांब काठीने गवत आपटा, हाताने उपटू नका. कबरीच्या सांध्यात पिंपळ किंवा उंबर रुजला असेल तर तो ओढून काढू नका, मूळ दगड घेऊनच बाहेर येतं. जमिनीसरशी कापा, फुटवा आला की पुन्हा कापा, आणि दगड हलला असेल तर गवंडी बोलवा.

प्रश्न (एक वाचक, मुंबई): स्मरणाच्या दिवशी फोटो लावून हार घालावेत का?

उत्तर: फोटो ज्यांचे आहेत त्यांचेच लागतात. शेतमजुरांचे, जुन्या काळच्या बायकांचे, लहान मुलांचे फोटो नसतातच, आणि भिंतीकडे पाहणाऱ्याला वाटतं की मंडळी चार-पाच घरांचीच होती. त्यापेक्षा सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या कागदी पट्ट्यांवर लिहा. फोटो हवेच असतील तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून प्रती लावा, मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत करा. मेणबत्त्यांच्या धुराजवळ मूळ फोटो कधीच ठेवू नका.

उपासना झाली की दाराशी यादीची एक प्रत आणि पेन्सिल ठेवा. लोक घरी जाताना सांगतात, आमच्या मावशीचं राहिलं, साल चुकलंय. त्या दुरुस्त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासून यादीत घ्या. मग तीन छापील प्रती काढा: एक चर्चच्या कपाटात, एक पाळकांकडे, एक मंडळीबाहेर राहणाऱ्या विश्वासू सभासदाकडे. पेनड्राइव्ह सोबत असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढून ठेवा, खालचा कप्पा रिकामा सोडा, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून वाळवी-कसर बघा. कमिटी बदलते तेव्हा चार्ज देण्याच्या यादीत किल्ल्या आणि पासबुकाबरोबर या यादीचंही नाव लिहा.